पंधरा हजारांची तांब्याची वायर आणि बाबांचा मल्टीमीटर

पत्राचा सारांश : ठाण्यातले एक वाचक, वय ३१. रोज ट्रान्स-हार्बर लोकलने बेलापूरला नोकरीला जातात. गेल्या दिवाळीत बोनसमधून त्यांनी बारा हजारांचे वायरवाले इअरफोन घेतले. कानात खोल बसणारे, ज्यांना शौकीन मंडळी आयईएम म्हणतात. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय संगीत. एकदा मित्राची महागडी तांब्याची केबल आपल्या इअरफोनला लावून, मित्राच्या प्लेअरवर त्यांनी ऐकलं आणि ‘पडदा सरकल्यासारखं’ वाटलं. ती केबल १५,५०० रुपयांची आहे : ‘६एन’ शुद्धतेचं तांबं, ओसीसी, लिट्झ पद्धतीची, जाड २२ गेज, टोकाला ४.४ मिमीचा जॅक. वडील वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले आहेत. किंमत ऐकून ते म्हणाले, ‘तांबं ते तांबं. एवढ्यात एका खोलीचं वायरिंग नवं होतं. आणि करायचंय काय, घरी आलास की कानात घालूनच बसतोस.’ त्यावर वाचकांच्या तोंडून निघून गेलं, ‘तुमच्या वयात तो फरक ऐकूच येत नाही.’ तेव्हापासून घरात अबोला नाही, पण धड बोलणंही नाही. पत्नी म्हणते, ‘घे, पण मला किंमत सांगू नकोस.’ वाचकांचे प्रश्न : मित्र खरा की बाबा? केबल घेऊ का? आणि घेतली तर ‘दीड हजारांची आहे’ असं घरी सांगितलं तर चालेल का?

उत्तर :

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात : ‘मित्राच्या प्लेअरवर’.

त्या दिवशी फक्त केबल बदलली नव्हती. प्लेअर बदलला होता आणि जॅकही बदलला होता. तुम्ही रोज ऐकता ते फोनला लावलेल्या छोट्या डोंगलवर, म्हणजे इअरफोन जोडायच्या अडॅप्टरवर, साध्या ३.५ मिमीच्या जॅकमधून. मित्राची केबल ४.४ मिमीची, म्हणजे ती त्याच्या प्लेअरच्या ‘बॅलन्स्ड’ जॅकमध्ये गेली. या जॅकमध्ये डाव्या आणि उजव्या कानाला दोन-दोन स्वतंत्र तारा मिळतात आणि बऱ्याच प्लेअरमध्ये त्यातून साध्या जॅकच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. हा फरक लहान नाही. आणि आपले कान असे आहेत, की तीच बंदिश जरा मोठ्याने वाजली तर ती मोठी न वाटता चांगली वाटते. डग्ग्याचा घुमारा भरतो, चाटेवरचा बोल सुटा होतो, तानपुऱ्याची जवारी कानाशी येते. पडदा सरकतो, तो बऱ्याचदा असा सरकतो.

तेव्हा तुम्हाला फरक जाणवला नाही, असं मी म्हणत नाही. जाणवला असणारच. त्याचं श्रेय तीन उमेदवारांपैकी तुम्ही एकट्या केबलला देऊन टाकलंत, एवढंच, कारण विकत घेण्यासारखी नवीकोरी वस्तू डोळ्यासमोर तीच होती.

आता ‘मित्र खरा की बाबा’. बाबांचं शास्त्र पक्कं आहे, फक्त ते त्यांनी अर्ध्यावर सोडलं. लाइनमनला व्होल्टेज ड्रॉप शिकवावा लागत नाही : तार लांब आणि बारीक असेल तर वाटेत दाब पडतो आणि टोकाचा दिवा मंद लागतो. तेच गणित इथे लावू. इअरफोनच्या केबलला जे गेज सांगतात ते अमेरिकन असतं : आकडा जितका लहान, तितकी तार जाड. तुमच्या इअरफोनसोबत आलेल्या केबलमध्ये २८ गेजची तार आहे असं धरू, म्हणजे साधारण ०.०८ चौरस मिमी. घरातल्या लाइट पॉइंटची वायर १.५ चौरस मिमीची असते. त्यापुढे हा केसच. सव्वा मीटरच्या आसपासची केबल, जाऊन-येऊन दुप्पट, तर रोध साधारण अर्धा ओहम. नव्या केबलची तार २२ गेजची, ०.३३ चौरस मिमी. तिचा रोध ०.१३ ओहमच्या आसपास. तुम्ही लिहिलंय की इअरफोनच्या खोक्यावर १६ ओहम छापलंय. गणित केलं तर दोन केबलमध्ये आवाजाच्या पातळीचा फरक येतो ०.२ डेसिबल. शांत खोलीत, सरावलेल्या कानालाही तो सापडणं कठीण. ठाणे-पनवेल लोकलमध्ये तर विषयच सोडा.

पण इथे एक खाच आहे आणि ती बाबांनाही आवडेल. खोक्यावरचे १६ ओहम हा सगळ्या सुरांना लागू असलेला आकडा नव्हे. तुमच्या इअरफोनमध्ये एका कानात अनेक ड्रायव्हर, म्हणजे चिमुकले स्पीकर, आहेत, असं तुम्ही म्हणता. अशा जोडणीचा रोध सुराच्या उंचीप्रमाणे खालीवर होतो आणि काही इअरफोनमध्ये वरच्या पट्टीत कुठेतरी तो पाचेक ओहमपर्यंत उतरतो. तिथे त्याच दोन केबलमधला फरक ०.६ डेसिबलच्या घरात जातो. म्हणजे खालचे सूर जवळजवळ जागच्या जागी आणि वरचे किंचित उचललेले. हा फरक खरा, मोजता येणारा, आणि कुणी अगदी लक्ष देऊन ऐकलं तर कदाचित जाणवणारा. तेव्हा केबलने आवाज बदलतच नाही, हे चूक. पण बदलतो तो तारेच्या जाडीमुळे, आणि जाडी स्वस्तात मिळते.

उरलेल्या तीन बिरुदांचं सांगते, कारण पैसे त्यांचेच लागतात.

‘६एन’ म्हणजे सहा वेळा नऊ, ९९.९९९९ टक्के शुद्ध. ‘४एन’ म्हणजे ९९.९९. वाचताना दरी मोठी वाटते. नेहमीच्या तापमानाला या दोहोंच्या वहनात एक टक्क्याचाही फरक पडत नाही. उलट तार दोन गेज जाड घेतली तर रोध एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. चांदीचंही तसंच : ती तांब्यापेक्षा साधारण सहा टक्के बरी वाहक आहे, इतकंच. ‘तांब्याचा आवाज उबदार, चांदीचा लखलखीत’ असं जे म्हणतात, ते बहुधा डोळ्यांनी ऐकलेलं असतं.

ओसीसी ही जपानमधल्या चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक अत्सुमी ओनो यांनी काढलेली ओतकामाची पद्धत. एरवी वितळलेला धातू थंड साच्याच्या भिंतीला टेकला की तिथून गोठू लागतो आणि त्यात असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. ओनोंनी साचाच तापता ठेवला, त्यामुळे धातू भिंतीला न गोठता बाहेर पडताना गोठतो आणि लांबच लांब स्फटिकाची तार निघते. काम सुंदर आहे, यात वाद नाही. धातुशास्त्राच्या वर्गात मी ते हौसेने ऐकेन. मीटरभर केबलमधून कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात मात्र त्याचा हिस्सा नगण्य.

लिट्झ म्हणजे प्रत्येक बारीक तारेवर स्वतंत्र इनॅमल. मूळ हेतू उच्च वारंवारितेला वीज तारेच्या फक्त पृष्ठभागाजवळून वाहू लागते, त्याला तोड काढण्याचा. रेडिओच्या कॉइलमध्ये त्याला अर्थ आहे. आपण ऐकतो त्यातल्या सगळ्यात वरच्या, २० किलोहर्ट्झच्या सुरालाही तांब्यात वीज पृष्ठभागापासून ०.४६ मिमीच्या आसपास आत शिरते, आणि तुमच्या २२ गेजच्या तारेचं केंद्र पृष्ठभागापासून जेमतेम ०.३२ मिमी. म्हणजे वीज आतपर्यंत पोहोचतेच आहे. तरीही लिट्झचा एक फायदा आपल्याकडे नक्की आहे, आणि जाहिरातीत तो सहसा नसतो : इनॅमलमुळे तांबं हिरवं पडत नाही. पारदर्शक आवरणाची साधी केबल पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि घामात वापरून बघा. कानामागून वळणाऱ्या भागात आधी तपकिरी झाक येते, मग शेवाळी हिरवा पट्टा. आवाजाला त्याने फारसं काही होत नाही, पण बघवत नाही, आणि आवरण कडकही होत जातं.

थोडक्यात, या केबलमध्ये तुम्हाला काय मिळेल? मऊपणा, टिकाऊपणा, गुंता न होणारी वीण, चांगला जॅक आणि रूप. चांगल्या घड्याळाला चामड्याचा पट्टा घेतो तशी ही खरेदी. त्यात वाईट काही नाही. हौसेला मोल नसतं आणि कमावत्या माणसाने कधीमधी ती करावी. पण पट्ट्याने घड्याळ वेळ बरोबर दाखवत नाही, आणि तुम्ही १५,५०० देताय ते वेळ बरोबर व्हावी म्हणून. माझा अंदाज असा, की आठवडाभराने त्याच डोंगलवर तुम्हाला जुनाच आवाज ऐकू येईल आणि मग नवा डोंगल शोधायला लागाल.

डोंगलवरून आठवलं : ४.४ चा जॅक तुमच्या ३.५ च्या डोंगलमध्ये जाणारच नाही. त्यामुळे खरा खर्च १५,५०० नाही, त्यात बॅलन्स्ड डोंगल किंवा प्लेअर मिळवायचा. हे किंमत ठरवताना पत्रात कुठे आलेलं नाही.

आवाजच सुधारायचा असेल, तर मी पैसे कुठे घालेन? आधी कानात जाणाऱ्या सिलिकॉनच्या रबरांवर, म्हणजे टिप्सवर. खोक्यात तीन-चार मापं आलेली असतात आणि बहुतेक लोक मधलं माप लावून मोकळे होतात. तुम्हीही तेच केलं असणार. डावा-उजवा कान एका मापाचा असेलच असंही नाही. टिप नीट बसली नाही तर खर्जाचा आवाज फटीतून निसटतो, आणि तो फरक डेसिबलच्या दशांशांत मोजायचा नसतो. कित्येकदा तो १० डेसिबलच्याही वर जातो. तपासायची सोपी रीत : तानपुरा चालू ठेवा आणि बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरला तर माप लहान आहे. वेगळ्या आकाराच्या किंवा फोमच्या टिप्स काही शे रुपयांत मिळतात. त्यानंतर फोनमधला इक्वलायझर, म्हणजे हव्या त्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायची सोय, तीही फुकट. ०.६ डेसिबलसाठी पंधरा हजार मोजण्याआधी त्याच पट्टीत २ डेसिबल उचलून बघा, आवडतंय का.

टिप नीट बसण्याचा लोकलमध्ये आणखी एक उपयोग. बाहेरची घरघर अडली की आवाज कमी ठेवून भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला, अशी आहे. रोज दोन्ही वेळा गाडीत, वर ऑफिसमध्ये आणि घरी, असा तुमचा हिशेब असेल तर तो एकदा मांडून बघा. आणि गाडीतलंच आणखी एक : २२ गेजची जाड केबल जड असते. ठाण्याला गर्दीत चढताना ती कुणाच्या बॅगेच्या बक्कलात अडकली, तर कानातून इअरफोन उपसून निघेल किंवा पिनच वाकेल. प्रवासाला हलकी, मऊ, कॉलरला घासली तरी कानात खरखर न करणारी केबल बरी. अशी दीड-दोन हजारांत मिळते. तुम्हाला घरी दीड हजारच सांगायचे आहेत ना? ही घेतलीत तर ते खरंही असेल.

खोट्या किमतीबद्दल एवढंच म्हणेन, की ते करू नका. बायकोने ‘सांगू नकोस’ म्हटलंय, ‘खोटं सांग’ म्हटलेलं नाही. ती तुम्हाला मोकळीक देते आहे. त्या बदल्यात तिला पुढे कधी बिल सापडलं तर हसता येईल, अशी परिस्थिती ठेवा. घराचा हप्ता, विमा, आई-बाबांच्या औषधपाण्याची सोय हे सगळं जागेवर असेल आणि स्वतःच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून घेणार असाल, तर १५,५०० म्हणून उघड सांगून घ्या. नसेल, तर किंमत लपवल्याने ती परवडायला लागणार नाही.

आता बाबा. त्यांची तीन वाक्यं तुम्ही जशीच्या तशी लिहिलीत आणि उत्तर फक्त पहिल्याला दिलंत. तांब्याबद्दल ते बोलले ते सवयीने; आयुष्यभर त्यांनी तेच हाताळलं. तिसरं वाक्य पुन्हा वाचा : ‘घरी आलास की कानात घालूनच बसतोस.’ मला तरी त्यात पैशाची तक्रार दिसत नाही. सकाळी तुम्ही गाडीत, संध्याकाळी परत आल्यावरही जेवणाच्या टेबलाशी तुमचे कान बंद. त्यांना तुमच्याशी काही बोलायचं असेल, अगदी पाण्याच्या टाकीबद्दल किंवा सोसायटीच्या मीटिंगबद्दल, तर आधी हात हलवून तुमचं लक्ष वेधावं लागतं. अशा माणसाला तुम्ही म्हणालात, तुमच्या वयात ऐकू येत नाही. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं हे खरं आहे. तुमचंही विशीतल्यापेक्षा थोडं कमी झालेलं असेल. पण ते वाक्य वैद्यकीय माहिती म्हणून बोललेलं नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर ते पत्रात आलं. ‘बाबा, मी जरा जास्तच बोललो’ एवढं पुरेल. लांबलचक माफी त्यांनाच अवघडल्यासारखं करेल. आणि घरात इअरफोन केव्हा काढून ठेवायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. जेवण तरी त्यात असावं.

मग त्यांना कामाला लावा. बाबांकडे मल्टीमीटर नक्की असेल. आधी त्याच्या दोन्ही लीड एकमेकींना टेकवून किती ओहम दाखवतो ते बघायला सांगा, कारण लीडचाही रोध असतो आणि इथे आपण अर्ध्या ओहमच्या गोष्टी करतोय. तो वजा करून तुमच्या सध्याच्या केबलचा रोध मोजा; जॅकपासून पिनपर्यंत, जाणारी तार आणि येणारी तार, दोन्हींची बेरीज. अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा खाली निघाला, तर जाड केबलने मिळण्यासारखं फारसं उरलेलं नाही. दीड-दोन ओहम निघाला, तर केबल खरोखर बारीक किंवा खराब आहे आणि ती बदलावी; पंधरा हजारांचीच असली पाहिजे असं नाही.

त्यावरही मन मानत नसेल तर मित्राची केबल एका सुट्टीच्या दिवसापुरती उसनी मागा. सोबत ४.४ चा जॅक ज्यात जातो आणि ज्याचं दुसरं टोक ३.५ चं असतं, असा छोटा अडॅप्टर घ्या, म्हणजे दोन्ही केबल तुमच्याच डोंगलवर, एकाच जॅकमधून वाजतील. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. तुम्ही डोळे मिटून बसायचं. बाबांनी दर फेरीला नाणं उडवून केबल लावायची, एक शब्द न बोलता, आणि वजनावरून ओळखू येऊ नये म्हणून केबल हाताने उचलून धरायची. त्यांनी वहीत लिहायचं, तुम्ही तोंडी सांगायचं. दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजानेही पाचेक बरोबर येतात, सहा-सात आले तरी काही सिद्ध होत नाही. नऊ किंवा दहा केवळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात एक. तितके आले तर फरक तुमच्या कानाला खरोखर कळतो. मग तो १५,५०० चा आहे का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं. पिना काढताना सरळ ओढा, डावी-उजवीकडे हलवू नका, तुमचे इअरफोन ०.७८ मिमीच्या दोन पिनांचे असतील तर त्यांची खोबणी एकदा सैल झाली की पुन्हा घट्ट होत नाही.

गडकरी रंगायतनपासून वाशीच्या भावे नाट्यगृहापर्यंत ऑर्केस्ट्रात वाजवणारे कलाकारही आता कानात हेच घालून रंगमंचावर जातात. त्यांना माझं सांगणं वेगळं आहे : महाग केबल एक घेऊ नका, मध्यम किमतीच्या दोन घ्या आणि दुसरी कायम खिशात ठेवा. कार्यक्रमाच्या मध्यावर एका कानातला आवाज गेला, तर त्या क्षणी शुद्धतेचे नऊ मोजायला कुणाला वेळ नसतो.

घ्यायचंच ठरलं, तर ऑर्डर देण्याआधी तुमच्या इअरफोनचं भोक नीट बघा. दोन पिनांचं की दाबून बसवायचं गोल, ज्याला एमएमसीएक्स म्हणतात ते, आणि पिनांचं असेल तर खोबण आत दबलेली आहे की वर उचललेली. सगळ्या केबल सगळ्यांना बसत नाहीत. डोंगल ३.५ चाच ठेवणार असाल तर केबलही ३.५ ची मागवा. परदेशातून मागवलीत तर कस्टम्स ड्युटी धरून किंमत काढा आणि परत करायची सोय आहे का, ते आधी लेखी विचारा. पुढे बॅलन्स्ड प्लेअर घेतलात, तर ३.५ च्या केबलला लावून ४.४ च्या जॅकमध्ये खुपसायचा उलटा अडॅप्टरही बाजारात मिळतो. तो घेऊ नका. त्यात डाव्या आणि उजव्या बाजूच्या परतीच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि बॅलन्स्ड प्लेअरचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. का ते बाबा एका वाक्यात सांगतील.